मागच्या आर्मला पॉली बुश: ‘एकदा घाला आणि विसरा’ म्हणे!

नेकारकाठचा
काल ‘रेडलाइन विमाननगर’ यांनी लिहिलं की परफॉर्मन्स गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे मागच्या सस्पेन्शनचे सगळे रबरी बुश (सांध्यांतल्या गाद्या) उपटून पॉलीयुरेथेन, म्हणजे पॉली, हे कडक प्लास्टिक घालायचं. रबर ही कंपनीनं आजोबांच्या कमरेसाठी केलेली तडजोड, आणि पॉली एकदा घातलं की आयुष्यभर विसरा. खाली नुसत्या टाळ्या. दोन ओळींत उत्तर देऊन भागणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

माझ्याकडे २००३ची बीएमडब्ल्यू ई४६ एम३ आहे. तिचा मागचा ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढून धरणारा दांडा) पुढच्या टोकाला एकाच बुशवर टेकलेला असतो आणि त्या बुशची कॅरिअर (धरणारा कंस) तीन बोल्टांनी फ्लोअरला लागते. चाक वर-खाली होताना आर्म नुसता फिरत नाही. कॅम्बर (चाकाचा उभा कल) धरणारे वरचा आणि खालचा आर्म त्याला आपापल्या वर्तुळात ओढतात, त्यामुळे पुढचा बुश आडवाही पिळला जातो. रबर ते सोसतं. पॉली स्लीव्हवर (आतल्या नळीवर) एका अक्षाभोवती मस्त फिरतं, पण बाकी दिशांना हटून बसतं. मग ते बळ जाणार कुठं? कॅरिअरवर आणि फ्लोअरवर. ई४६च्या फ्लोअरला मागे तडे जातात हे जगजाहीर आहे, तिथे आणखी बळ कशाला घालायचं?

मी मूळ रबर घातलंय आणि दोन्ही बाजूंना लिमिटरच्या चकत्या. आडवी हालचाल रोखली जाते, फिरणं मोकळं राहतं. नॉर्डश्लाइफेवर (जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा ट्रॅक) फुक्सरोअर या उताराच्या तळाशी गाडी दाबली जाते, मग चढावर आडेनाउअर फोर्स्टच्या वळणांसाठी जोरात ब्रेक. थकलेल्या बुशवर तिथं मागची चाकं स्वतःच दिशा ठरवायची. आता ठरवत नाहीत.

आणि तुलना तरी कशाशी करता? लाखभर किलोमीटर चाललेलं फाटकं रबर काढलं, नवं पॉली घातलं, गाडी टाइट वाटली, म्हणून पॉली श्रेष्ठ! अहो, नवं रबर घातलं असतं तरी टाइटच वाटली असती.

रेडलाइन विमाननगर
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. नॉर्डश्लाइफेवर फिरणाऱ्यांनी पुण्याच्या रस्त्यांवर प्रवचन देऊ नये, ही नम्र विनंती.

माझी ऑक्टाव्हिया आरएस २४५, २०२० साली भारतात आलेल्या २०० गाड्यांतली. मूळ रबर ४० हजार किलोमीटरांत फाटलं. तुमच्या बीएमडब्ल्यूचा जाडजूड आर्म आणि माझ्या गाडीचा आर्म एकाच तराजूत का घालता? माझा ट्रेलिंग आर्म म्हणजे पत्र्याची पट्टी, आडवी लवचीक राहावी म्हणूनच तशी केलेली. पिळायचं काम ती पट्टी करते, बुशला करावं लागत नाही.

आणि ‘पॉली’ हा एकच पदार्थ आहे असं कुणी सांगितलं? पॉवरफ्लेक्स कंपनीचं जांभळं ८० शोअर ए (कडकपणाचं माप), काळं ९५. मी जांभळं घातलंय. काळं घातलेल्याचे दात हलले तर त्याचा हिशेब माझ्याकडे मागू नका.

चाकणची एनव्हीएच
दिवसभर हेच एनव्हीएचचं, म्हणजे गाडीचा आवाज-कंप-खडखडाट कमी करायचं काम करून घरी आले तर इथेही बुश. असो.

पट्टीचा मुद्दा रेडलाइन यांचा बरोबर आहे, नेकारकाठचे तो गिळून बसलेत. पण पट्टी वाकते म्हणून पुढचा बुश कसाही चालतो असं नाही. मूळ बुश कापून बघा, रबरात पोकळ्या दिसतील. त्या कंपनीनं रबर वाचवायला ठेवलेल्या नसतात. त्या दिशेला बुश मऊ असतो, काटकोनात कडक. खड्ड्यात चाक मागे ढकललं जातं तेव्हा तो मऊपणा धक्का खातो आणि कडक बाजू चाकाची दिशा धरून ठेवते. म्हणूनच बुश कुठल्या कोनात प्रेस करायचा ते ठरलेलं असतं. पॉलीचा भरीव गोळा सगळीकडून सारखाच.

मला विचाराल तर टो (वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळलंय ते) धरणाऱ्या टो लिंकला आणि खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला पॉली घाला, हरकत नाही. तिथं हालचाल बरीचशी एकाच अक्षाभोवती असते, आणि टो हलला नाही तर हवंच आहे. ट्रेलिंग आर्मला रबरच ठेवा.

आता ४० हजारांत का फाटलं ते. मूळ बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या स्लीव्हला चिकटवलेलं असतं. ते सरकत नाही, पिळतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आणि पोरानं गन मारून बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेत उभं. पार्किंगमध्येसुद्धा. आधी कधी मागचं काम झालं होतं का? बोल्ट कुठल्या उंचीवर आवळला होता?

रेडलाइन विमाननगर
शॉक बदलले होते तेव्हा आर्म सोडला होता. हवेतच आवळला असणार, दुसरं काय! इथे कोण जमिनीवर आवळतं, दाखवा मला. तुमच्या चाकणच्या लॅबमध्ये आवळत असाल.

आवळण्याचं सोडा. मागचं अलाइनमेंट (चाकांचे कोन लावणं) सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘साहेब, मागचं ॲडजस्ट होत नाही.’ माझ्या गाडीला मागे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून कोन बदलता येणारे) आहेत, टॉर्च मारून दाखवले. तर म्हणतो ‘मशीनवर हिरवं येतंय ना?’ मागचे टायर आतल्या बाजूनं तारेपर्यंत गेले होते, आणि कागदावर सगळं हिरवं!

उद्यमनगरचा लेथवाला
हे मात्र लाख बोललासा भावा. आमच्याकडं पण मशीन लाखांचं आनि चालवनारा पोरगा म्होरचा टो सोडून कशाला हात लावत न्हाई. मागं कॅम्बर किती इचारलं तर माझ्याच तोंडाकडं बघतंय.

मी काय करतो सांगतो. गाडी सपाट फरशीवर, दोन्ही बाजूला स्टँड, मधी मासेमारीची दोरी ताणायची, रिमच्या म्होरं-मागं पट्टीनं मापायचं. झाला टो. रॅलीची गाडी अशीच पळवतोय, मशीनवाल्याला एक रुपाया देत न्हाई.

बुश पन आमी विकत घेत न्हाई. डेल्रिनचा (कडक प्लास्टिकचा) रॉड आनायचा, लेथवर टर्निंग, आत स्टीलची स्लीव्ह, संपला विषय. तुमी बसा जांभळं-काळं करत.

रेडलाइन विमाननगर
दोरी! एवढी महागडी गाडी आणि मासे पकडायची दोरी. पुढे काय, ओळंबा?

उद्यमनगरचा लेथवाला
व्हय, ओळंबाच. कॅम्बर त्यानंच बघतो. तुमच्या मशीननं टायर तारेपर्यंत नेलं, माझ्या दोरीनं न्हाई. हसा किती हसायचं ते.

चाकणची एनव्हीएच
हसू नका, दोरी बरोबर आहे. फक्त पुढचा आणि मागचा ट्रॅक सारखा नसतो, म्हणून दोरी टायरला टेकवून चालत नाही. चारही हबच्या मध्यापासून अंतर मोजून ती गाडीच्या मध्यरेषेला समांतर करावी लागते. तसं करत असाल तर टोचं माप मशीनइतकं विश्वासाचं.

डेल्रिन ठीक. कुणाचं ऐकून नायलॉन मात्र घालू नका. ते पाणी शोषून फुगतं, आणि कोल्हापूरच्या पावसात स्लीव्ह जॅम होते.

उद्यमनगरचा लेथवाला
नायलॉन घालून आलेल्या गाड्यांचं काम आमीच करतो ताई. आनि माझी दोरी हबपासूनच मोजलेली हाय.

कायदेशीर काका
सगळे रंगात आलात म्हणून आठवण करून देतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना स्पष्ट केलं आहे की गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. लेथवर केलेला बुश घालून अपघात झाला तर विमा कंपनीला काय सांगणार? आमच्या वेळी गाडी जशी आली तशीच वापरायचो.

रेडलाइन विमाननगर
काका, आरटीओवाला गाडीखाली झोपून बुशचा रंग बघत नाही. तुमच्या वेळी गाडी पन्नासच्या वर जायची का?

कायदेशीर काका
ही भाषा योग्य नाही. न्यायालयाचा निकाल सांगितला, तुमच्या गाडीवर डोळा नव्हता.

नेकारकाठचा
काका, त्यांचं मनावर घेऊ नका. इकडे जर्मनीत दर दोन वर्षांनी तपासणी असते आणि बदललेल्या भागाला मान्यतेचा कागद नसेल तर गाडी रस्त्यावरून बाद होऊ शकते. लोक पॉली घेतानाही आधी कागद बघतात. मी रबर ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

बाकी अलाइनमेंटवर एवढा धुरळा उडाला म्हणून सांगतो. ई४६ला मागचा टो त्या कॅरिअरच्या लांबट भोकांतूनच सेट होतो. बुश बदलायला कॅरिअर सोडली आणि आधी खूण केली नसली, तर गाडी तिरपी चालत अलाइनमेंटवाल्याकडे न्यावी लागते. शिवाय कॅरिअर आर्मला ठरलेल्या कोनात धरून बोल्ट आवळावा लागतो, तिथेही तोच पिळाचा प्रश्न. पॉलीला हा त्रास नाही, ते स्लीव्हवर फिरतं. घ्या, एक मार्क दिला.

रेडलाइन विमाननगर
एक मार्क! पुणे विद्यापीठातसुद्धा ग्रेस त्याहून जास्त मिळतात.

तुमचे तडे सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) माउंटपाशी जातात ना? ट्रेलिंग आर्मची कॅरिअर वेगळी, सबफ्रेम वेगळा. ही गल्लत सोयीची होती म्हणून केलीत.

नेकारकाठचा
तडे प्रामुख्यानं सबफ्रेमपाशी, मान्य. पण फ्लोअर एकच असतो. मी माझ्या फ्लोअरची काळजी करतो, तुम्ही तुमच्या पट्टीची करा.

चाकणची एनव्हीएच
भांडा, पण एक सांगा रेडलाइन. पॉली घालून किती पावसाळे झाले? आवाज येतो का?

रेडलाइन विमाननगर
एक. पाऊस संपल्यावर सोसायटीच्या स्पीड ब्रेकरवर कुरकुर सुरू झाली. वॉचमन मान वळवून बघतो. ग्रीस भरलं की आठवडाभर गप्प.

उद्यमनगरचा लेथवाला
‘एकदा घाला आनि विसरा’ व्हय?

रेडलाइन विमाननगर
ठीक आहे, ट्रेलिंग आर्मला मूळ रबर मागवलंय. कालच मागवलं, तुमच्या प्रवचनामुळे नाही, वॉचमनमुळे. टो लिंकचं पॉली मात्र निघणार नाही, ब्रेकखाली गाडी आता सरळ राहते. कुणी कितीही शोअर मोजले तरी.

चाकणची एनव्हीएच
टो लिंकचं काढा असं कुणी म्हटलंच नव्हतं. रबर बसवताना: गाडी उचलण्याआधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या. काम झालं की आर्मखाली जॅक लावून तेच माप येईपर्यंत उचला आणि मग बोल्ट आवळा. बोल्ट नवे, जुने परत नाही वापरायचे, आवळताना ताणलेले असतात.

रेडलाइन विमाननगर
बोल्टही नवे? डीलरकडे एका बोल्टला काय सांगतात माहीत आहे का तुम्हाला?

उद्यमनगरचा लेथवाला
लेथवर बोल्ट करून दिऊ का?

चाकणची एनव्हीएच
नाही!! सस्पेन्शनचा बोल्ट लेथवर अजिबात नाही.