'निरुद्योगी' कोणाला म्हणावे? उद्योग, रोजगार आणि काम या शब्दांविषयी

मार्कंडेयकाठ

विकसनशील देशांतील आर्थिक वाढ आणि रोजगार या विषयावरच्या एका कन्नड टिपणाचा मराठी तर्जुमा तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. हे टिपण आमच्या बेळगाव भागातल्या युवकांच्या शिबिरात वाटले जाणार आहे. तर्जुमा करणाऱ्याने मूळचा 'निरुद्योगी युवक' हा शब्द जसाच्या तसा देवनागरीत उतरवला आहे. कन्नडमध्ये 'उद्योग' म्हणजे नोकरी किंवा काम, त्यामुळे तिथे 'निरुद्योगी' म्हणजे ज्याला काम मिळालेले नाही तो. मराठीत मात्र निरुद्योगी म्हणजे ज्याला काही करायचेच नाही असा आळशी माणूस. मसुदा घरी वाचून दाखवला तेव्हा पदविका घेऊन दोन वर्षे अर्ज करत बसलेला माझा पुतण्या एकदम गप्प झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "काका, म्हणजे चूक माझीच म्हणायची का?"

मी 'बेरोजगार' सुचवला. त्यावर उत्तर असे आले की आपल्या गावांत सगळे 'उद्योग खात्रीच्या कामाला' (म्हणजे रोजगार हमीच्या कामाला) जातात आणि त्यात कोणाला कारखाना दिसत नाही, तर 'निरुद्योगी'च का खटकावा? शिवाय पुढे एक वाक्य आहे: 'उत्पादन वाढले, पण उद्योग वाढला नाही.' मूळ कन्नड वाक्य अगदी बरोबर आहे, पण हे मराठी वाक्य वाचून पुण्याचा माणूस बुचकळ्यात पडेल. तिसरी अडचण 'रचनात्मक समस्या' या शब्दांची आहे. आपल्याकडे रचनात्मक कार्य म्हणजे विधायक कार्य, मग समस्या रचनात्मक कशी असेल? या तिन्ही जागी काय लिहावे, ते जाणकारांनी सांगावे.

टिळकवाडी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. 'संरचनात्मक', म्हणजे अर्थव्यवस्थेच्या रचनेतूनच आलेली, हा शब्द अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत रुळलेला आहे, तो घ्यावा. पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र मला तीव्रतेने वाटते की 'बेरोजगार' हा फारसी शब्द आपण सवयीने धरून बसलो आहोत. उद्योग हा आपला शब्द आहे. महाभारतातील उद्योगपर्वात कारखाने नाहीत, तिथे युद्धाची सिद्धता आहे. 'उद्योगाचे घरी रिद्धिसिद्धी पाणी भरी' या म्हणीतही उद्योग म्हणजे झटणे. तो अर्थ सोडून आपण हा शब्द गिरण्या-कारखान्यांना देऊन टाकला. 'निरुद्योगी' खटकत असेल तर 'वृत्तिहीन' घ्यावा, कारण वृत्ती म्हणजे उपजीविका.

धारवाडवासी

टिळकवाडी यांच्या संस्कृतप्रेमाचा आदर राखून सांगतो की 'वृत्तिहीन' वाचून आजच्या मराठी माणसाला चांगल्या वृत्तीचा अभाव दिसेल. म्हणजे आळसाचा ठपका काढून आपण स्वभावाचा ठपका ठेवू.

फारसीचा बाऊ करण्याचे कारण मला दिसत नाही. फारसीत 'रोजगार' हा शब्द काळ, दिवस, जमाना या अर्थाने येतो आणि त्यालाच निर्वाहाचा अर्थ जोडलेला आहे. 'नोकर' तर मूळचा मंगोल शब्द, त्याचा अर्थ सोबती, साथीदार. शब्द असेच प्रवास करतात. 'उद्योग'ही केला: संस्कृतातल्या प्रयत्नापासून कन्नडने त्याला नोकरीकडे नेले आणि मराठीने कारखानदारीकडे. 'निरुद्योगी'मध्ये मराठीने जुना अर्थ राखला आणि 'उद्योगपती'मध्ये नवा घेतला. खरी गुंतागुंत इथे आहे.

जुन्या मराठीला 'बेरोजगार' अशी व्यक्ती फारशी ठाऊकच नव्हती, असे मला वाटते. कोणी रिकामा असे, कोणी रिकामटेकडा, कोणी निरुद्योगी, आणि हे सारे शब्द माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतात. काम मागूनही न मिळणे ही मजुरीच्या बाजारातली अवस्था आहे. बाजार आला तेव्हा तिच्यासाठी नवा शब्द लागला, आणि त्याची व्युत्पत्ती काहीही असली तरी तो शब्द माणसाला दोष देत नाही. मार्कंडेयकाठ यांच्या पुतण्याचा प्रश्न म्हणूनच मला फार महत्त्वाचा वाटतो.

जांबोटी

मी खानापूर तालुक्यातल्या शाळेत शिकवते. 'रोजगार' हा शब्दही वाटतो तितका निर्दोष नाही, एवढे नोंदवते. आमच्या गावांत 'ती रोजगाराला गेली आहे' याचा अर्थ दुसऱ्याच्या शेतात रोजाने भांगलायला गेली आहे असा होतो. शाळेच्या नोंदीसाठी एका आईला मी विचारले, "तुम्हाला रोजगार आहे का?" तेव्हा ती दुखावल्या स्वरात म्हणाली, "बाई, आमची स्वतःची जमीन हाय, आमी कशाला रोजगाराला जाऊ?" तिच्या लेखी रोजगार नसणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. टिपणातला 'रोजगारवाढ' हा शब्द तिने वाचला, तर मजुरी करणाऱ्यांची संख्या वाढली असे ती समजेल, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा तसेच घडलेले असते.

लग्नाच्या बोलण्यांत मुलगा काय करतो असे विचारले की दोन प्रकारची उत्तरे मिळतात, एक 'शेती करतो' आणि दुसरे 'घरची शेती बघतो'. पहिल्याच्या हाताला काम आहे. दुसऱ्याच्या घरी दीड एकर जमीन आहे, तिच्यावर बाप आणि थोरला भाऊ राबतात, आणि हा उरलेला वेळ बांधावर काढतो. मुलीकडच्यांना त्या 'बघतो'चा अर्थ लगेच कळतो आणि बोलणे तिथेच थांबते. अर्थशास्त्रात ज्याला छुपी बेकारी किंवा प्रच्छन्न बेकारी म्हणतात, तिला आमच्या लोकांनी केव्हाच एक क्रियापद देऊन ठेवले आहे. सर्वेक्षणात मात्र हा मुलगा बेकार ठरत नाही. घरच्या शेतीत विनामोबदला मदत करणारा माणूस आपल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात कामावर असलेल्यांत मोजला जातो.

धारवाडवासी

जांबोटी यांचे 'बघतो' मी वहीत उतरवून घेतले. छुप्या बेकारीची कल्पना मुळात आपल्यासारख्या देशांसाठी नव्हती. १९३६ साली जोन रॉबिन्सन यांनी ती मंदीतल्या इंग्लंडसंदर्भात मांडली. चांगले काम सुटल्यामुळे लंडनच्या रस्त्यावर काड्यापेट्या विकत बसलेला माणूस त्यांच्यासमोर होता. तो पूर्वी कामावर होता आणि मंदी सरल्यावर पुन्हा कामावर जाणार होता. शेती बघणारा मुलगा त्याआधी कुठेच कामावर नव्हता. शब्द एकच असला तरी दुखणे वेगळे आहे, आणि 'संरचनात्मक' हे विशेषण लागते ते या फरकासाठी. चांगला पाऊस पडला किंवा मागणी वाढली म्हणून हे दुखणे जात नाही.

सेंट लुशियात जन्मलेल्या आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये या प्रश्नाला उत्तर दिले: शेतीत जास्तीचे हात आहेत, ते हळूहळू कारखान्यांकडे ओढले जातील आणि ते हात संपेपर्यंत मजुरी फारशी वाढणार नाही. दक्षिण कोरिया आणि तैवान बऱ्याच अंशी त्या वाटेने गेले. आपल्याकडे शेतीचा देशाच्या मूल्यवर्धनातला, म्हणजे एकूण उत्पन्नातला, वाटा १८ टक्क्यांच्या आसपास उतरला, पण २०२३-२४ मध्येही काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीतच होते. २०१८-१९ मध्ये हे प्रमाण ४२.५ टक्के होते आणि २०२०-२१ मध्ये ते ४६.५ टक्क्यांवर गेले. प्रवाह उलटा फिरला.

जांबोटी

हे उलटे फिरणे आम्ही डोळ्यांनी पाहिले. २०२० च्या उन्हाळ्यात गोव्यातल्या हॉटेलांत आणि पुण्यातल्या कारखान्यांत असलेली आमच्या गावांतली मुले परत आली. पावसाळ्यात एका भाताच्या खाचरात लावणीला अकरा माणसे उभी होती आणि त्यांतले चौघे भाऊ होते. त्या वर्षी सगळेच शेती बघत होते.

उद्यमबाग

ओतकामाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली, म्हणून 'उत्पादन वाढले, पण उद्योग वाढला नाही' या वाक्याबद्दल लिहितो. मी कामाला लागलो तेव्हा साचे हाताने होत. पेटीत वाळू भरायची, ठोकणीने ठोकायची, नमुना उचलताना कड मोडली तर बोटाने सावरायची, आणि संध्याकाळी रस ओतायच्या वेळी सगळ्यांनी मिळून उभे राहायचे. जिथे आम्ही दहाजण होतो तिथे आता यंत्रावर तिघे असतात. माल कितीतरी जास्त निघतो आणि तो अधिक अचूकही असतो. मालक वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परदेशी गिऱ्हाईक मागेल तशी सफाई हाताने येत नाही, आणि यंत्राला कर्ज मिळते तसे माणसे वाढवायला मिळत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानांचे भाग बनतात याचा मला अभिमान वाटतो, पण तिथे लागणारी माणसे निराळी आहेत आणि माझ्याबरोबर वाळू ठोकणारे निराळे होते.

तेव्हा ते वाक्य बदलू नये असे माझे मत आहे. आमच्या वसाहतीच्या नावातच 'उद्यम' आहे. सीमाभागातल्या वाचकाला 'उद्योग' या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक असतात. तो हे वाक्य दोनदा वाचेल, आणि दुसऱ्या वाचनात त्याला सगळे समजेल.

टिळकवाडी

हे मला मान्य नाही. छापील मजकूर दोनदा वाचायला लावणे हा भाषांतराचा दोष आहे. आपण दोन भाषांच्या सीमेवर राहतो म्हणून आपल्या मराठीने अर्धी कन्नड अर्थकळा घ्यावी, असे म्हणता म्हणता आपली मुले प्रमाण मराठीच्या परीक्षेत अडखळतात. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा केला तेव्हा त्याला 'रोजगार हमी' म्हटले. आपण 'उद्योग खात्री' म्हणतो, ते केवळ फलकावर तसे लिहिलेले असते म्हणून.

वडगाव

टिळकवाडी यांचे मुलांविषयीचे म्हणणे मनापासून पटते, पण 'उद्योग खात्री' हा शब्द मला अशुद्ध वाटत नाही. हमी देणारा दुसरा असतो, खात्री आपल्या मनाला वाटते. २००५ च्या कायद्याने घरटी १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, पण काम निघेल याची खात्री बाईला वाटते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

आमचे घर मागावरचे. लुगडी विणणाऱ्याला सगळे विणकर म्हणतात. पण माग चालायचा तर धोट्यात धागा गुंडाळलेली कांडी लागते, आणि ती कांडी भरून देणारी आई किंवा बायको असते. माझी आई पहाटे चूल पेटवण्याआधी कांड्या भरायला बसे. मजुरी लुगड्यावर मिळे आणि ती वडिलांच्या हातात पडे. तिच्या रेशनकार्डावर व्यवसायाच्या जागी आयुष्यभर 'घरकाम' असेच राहिले. तिला निरुद्योगी म्हणावे, बेरोजगार म्हणावे की विणकर? आपण इतका वेळ काम न मिळालेल्यांसाठी शब्द शोधत आहोत. जे काम करूनही कामकरी म्हणून ओळखले जात नाहीत, त्यांच्यासाठी मराठीत काय शब्द आहे?

निपाणी

वडगावच्या काकांनी माझ्या मनातले लिहिले. आमच्या गल्लीत दुपारी प्रत्येक उंबऱ्याशी मांडीवर सूप घेतलेली एक बाई दिसते. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू भरून विडी वळायची आणि दोऱ्याने बांधायची. मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि माल घेताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या त्यात धरत नाहीत. माझ्या सासूबाईंना सर्वेक्षणवाल्या मुलीने काम विचारले तेव्हा हातातली विडी न थांबवता त्या म्हणाल्या, "मी कुठं कामाला जातो? घरातच असतो की." (आमच्याकडे बायका 'जातो', 'असतो' असेच बोलतात, ती चूक समजू नये.) त्या मुलीने 'काम नाही' असे लिहिले. मी मध्ये पडले म्हणून ते खोडले गेले.

१९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले होते. म्हणजे कायद्यात शब्द आला, आमच्या तोंडात आला नाही. आमच्या बोलीत 'काम' म्हणजे उंबरा ओलांडून जायचे ते. वखारीत तंबाखू निवडायला जाते ती कामाला जाते, आणि घरी बसून तितकेच तास राबते ती घरात असते.

धारवाडवासी

अशा कामासाठी 'अनौपचारिक क्षेत्र' हा शब्द १९७२ च्या केनियाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालानंतर जगभर पसरला. आपल्याकडे 'असंघटित' हा शब्द चालतो, पण तो मला पटत नाही, कारण निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांनी संघटना करून दाखवली आहे.

आणखी एक गोष्ट. कर्नाटकात २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या युवा निधी या बेकारी भत्त्याच्या योजनेत पदवीधराला महिना ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात, तेही शिक्षण संपल्यावर १८० दिवस काम न मिळाल्यास. मुलांना त्याचा आधार होतो, याबद्दल शंका नाही. पण यावरून 'निरुद्योगी' हा शब्द व्यवहारात शिकलेल्यांपुरता उरला आहे हे दिसते. ज्याच्या घरी दोन दिवसांचेही धान्य नाही त्याला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते काम करतो आणि आकडेवारीत कामावर असतो. देशाचा बेकारीचा दर २०१७-१८ मधल्या ६.१ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. त्यात कितीजण शेती 'बघणारे' आहेत हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

मार्कंडेयकाठ

सर्वांचा आभारी आहे. मसुदा परवा द्यायचा आहे. 'संरचनात्मक' घेतला. वाक्य 'उत्पादन वाढले, पण हातांना काम वाढले नाही' असे केले तर उद्यमबाग यांची हरकत आहे का? 'निरुद्योगी'च्या जागी 'काम न मिळालेले युवक' असे सरळ लिहावे असे वाटू लागले आहे.

टिळकवाडी

तीन शब्दांची ती संज्ञा होत नाही. तिच्यापासून भाववाचक नाम कसे करणार?

उद्यमबाग

'हातांना काम' चालेल. माझ्या बरोबरीचे लोक तसेच म्हणतात.

निपाणी

त्या टिपणात घरी विड्या वळणाऱ्या किंवा कांड्या भरणाऱ्या बायकांविषयी काही लिहिले आहे का? असल्यास तिथे मूळ कन्नड शब्द कोणता आहे, तो कृपया कळवावा.

वडगाव

मलाही तो शब्द हवा आहे. आईच्या पिढीतल्या बायका अशा कामाला 'हातभार' म्हणत, आणि तो शब्द मला कधीच आवडला नाही.