आरपीजी ऑनलाइन खेळायचं तर फाउंड्रीच घ्यावं, पटतंय का?

रामशेजचा_डीएम
आमचा नाशिकच्या कॉलेज रोडचा आरपीजीचा ग्रुप आहे: मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात. त्यातले दोघं पुण्याला गेले, एक अंबडला सेकंड शिफ्टला लागला. ग्रुप मोडू द्यायचा नसेल तर खेळ आता ऑनलाइन न्यावाच लागणार. नकाशा आणि मोहरे सगळ्यांच्या स्क्रीनवर दाखवणारी सॉफ्टवेअरं असतात, फाउंड्री आणि रोल२० त्यातलीच. जो तो म्हणतो रोल२० घे, फुकट आहे. मला ते पटत नाही.

फाउंड्रीचे ५० डॉलर एकदाच भरायचे, तेही फक्त डीएमने. खेळाडूंना काहीच विकत घ्यावं लागत नाही. रोल२०च्या फुकट खात्यावर १०० एमबी जागा मिळते. मी १६८२च्या रामशेजच्या वेढ्यावर कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट, रचतोय. गड, तट, मोगलांची छावणी असे मोठे नकाशे चढवले की ती जागा बघता बघता संपते. फाउंड्रीत भिंती एकदा आखून ठेवल्या की मशालवाल्याचं टोकन (नकाशावरचा मोहरा) पुढे सरकेल तेवढाच तट उजळतो, पलीकडे काळोख. रात्रीचा छापा खेळायचा तर मला हे हवंच आहे.

शिवाय सगळं आपल्या मशीनवर राहतं. ऑगस्ट २०२४ आठवा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या आरपीजीची नवी नियमपुस्तकं येणार म्हणून त्याच्या अधिकृत साइटने, डी अँड डी बियॉन्डने, कॅरेक्टर शीटवरचे (पात्राच्या माहितीच्या तक्त्यावरचे) जुने मंत्र बदलून टाकायचं जाहीर केलं होतं. लोकांनी ओरड केली तेव्हा मागे घेतलं. चालू कॅम्पेनच्या मध्यात कुणी आपल्या शीटला हात लावावा, हे मला चालणार नाही.

पंचवटीची_चेटकी
भाऊ, तुमचे खेळाडू कशावर खेळणार ते आधी विचारा. फाउंड्रीला किमान १३६६ बाय ७६८चा स्क्रीन लागतो, मोबाइलसाठी ते बनवलेलंच नाही. आपल्याकडे निम्मी मंडळी फोनवरून जॉइन होतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि “आपल्या मशीनवर” म्हणजे सर्व्हरही आपणच. बरेच इंटरनेटवाले एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक घरांत वाटतात. अशा कनेक्शनवर राउटरमध्ये फाउंड्रीचा ३०००० नंबरचा पोर्ट (आत यायचं दार) उघडला तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. मग टनेल, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरमधून वाट काढणारं सॉफ्टवेअर, लावा, नाहीतर भाड्याचा सर्व्हर घ्या आणि दरमहा पैसे मोजा. एकदाच खर्च कुठे राहिला?

आउलबेअर रोडिओ बघा, तेही तसंच सॉफ्टवेअर, पण ब्राउझरमध्ये चालणारं. नकाशा टाका, न पाहिलेला भाग झाकायला धुकं पसरवा, लिंक पाठवा. खेळाडूला खातंसुद्धा काढावं लागत नाही. बोलायला डिस्कॉर्ड आहेच.

रामशेजचा_डीएम
ताई, टनेल एकदा नीट लावला की पुन्हा बघावं लागत नाही. पण आउलबेअरवर वेगळं एक्स्टेन्शन लावलं नाही तर प्रत्येक खोलीवरचं धुकं मला हाताने उचलावं लागेल. मी तेच करत बसलो तर किल्लेदाराच्या तोंडचं कोण बोलणार? ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याला मी माझा जुना देतो.

कागद_पेन्सिल
दोघंही नकाशातच अडकलात. मला धास्ती आहे ती बटणांची. फाउंड्रीत मॉड्यूल (वरून जोडायचे भाग) घातले की हल्ला, नुकसान, बचाव सगळं आपोआप. आमच्याकडे एक मुलगी तशीच शिकली. सिन्नरला समोरासमोर बसलो तर डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकल्यावर त्यात काय मिळवायचं ते तिला सांगता येईना. हुशार पोरगी, पण ते काम कायम मशीनच करत आलेलं. नवखे असतील तर शीट कागदावर आणि फासे हातात. फासा खोटा सांगेल असा माणूस ग्रुपमध्ये असेल तर सॉफ्टवेअर काय करणार?

पंचवटीची_चेटकी
कागदाचं मान्य. पण पुण्याच्या दोघांना आपला मोहरा कुठे उभा आहे ते दिसायला हवं ना? भांडण झालं की “मी दाराच्या आत होतो, बाहेर होतो” यातच अर्धी रात्र जाते.

अंबड_सेकंड_शिफ्ट
तो अंबडवाला मीच. रात्री घरी येऊन जेवेपर्यंत बारा वाजतात. एकच खोली आहे, आईवडील झोपलेले असतात. तिथे लॅपटॉप, चार्जर, माउस मांडून बसणं मला जमणार नाही, त्यामुळे तुझा लॅपटॉप नको. हेडफोन लावून फोनवर तुम्हा सगळ्यांचे आवाज ऐकू आले आणि माझं टोकन दिसलं की मला पुरे. मशालीचा उजेड तू तोंडाने छान सांगतोस, आजवर तसाच खेळलोय. गुरुवारी मला सुट्टी आहे, आउलबेअरची लिंक टाक. फाउंड्री घ्यायचंच असेल तर पुढच्या कॅम्पेनला घे, तोवर माझी शिफ्ट बदललेली असेल.