विषय: पब्लिक स्कूलची बारावी आणि कॉलेजचे पैसे – कुणी नीट सांगेल का?

प्रेषक: स. दे., एल्महर्स्ट

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी यंदा न्यूयॉर्क सिटीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये बारावीला आहे. मार्क चांगले आहेत, नव्वदीच्या आसपास. शाळेतल्या कौन्सेलरबाई भल्या आहेत, पण एवढी मुलं एकट्या सांभाळतात की आमच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं आली. तेवढ्यात फॅफ्सा, टॅप, पेल, एक्सेल्सियर, सीक अशी नावं कानावरून गेली. हे एका फार्मसीत नोकरीला आहेत, मी घरी मुलं सांभाळते. दोघांचं मिळून वर्षाला सत्तर हजारांच्या आतबाहेर.

शाळेतून एक कागदही आलाय. फॅफ्सा, म्हणजे कॉलेजच्या मदतीचा केंद्र सरकारचा अर्ज, भरायचा नसेल तर पालकांनी सही करून द्यायची. गणपतीत एकांनी सांगितलं की पुण्यात फ्लॅट असेल तर काही मिळत नाही, उगाच माहिती कशाला देता, सही करून मोकळे व्हा. शिवाय नणंदेच्या मुलीला मागच्या वर्षी एका खाजगी कॉलेजने भलंमोठं ‘अवॉर्ड’ दिलं. तेव्हापासून धाकटीने तेच कॉलेज डोक्यात घेतलंय. क्यूनीचं, म्हणजे शहराच्या सरकारी कॉलेजांचं, नाव काढलं की तिचं तोंड उतरतं. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रेषक: वि. गो., फ्लशिंग

ताई,

त्या कागदावर सही करू नका. बाकीचं पत्र सवडीने वाचलंत तरी चालेल.

२०२४ साली राज्याने कायदा केला की बारावीच्या प्रत्येक मुलाने फॅफ्सा किंवा (ज्यांना तो भरता येत नाही त्यांनी) राज्याच्या ड्रीम ॲक्टचा अर्ज भरायचा, आणि भरायचाच नसेल तर तसं लिहून द्यायचं. मुलांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हा नियम आला. आपल्यातले बरेच जण मात्र नेमकी ‘नको’वाली सही करून मोकळे होतात. शाळांमधून कॉलेजच्या अर्जांचं काम करत माझी नोकरी गेली, आणि हे पाहून दर वेळी जीव तुटतो. फॅफ्सा भरायला एक पैसा लागत नाही. साधारणपणे १ ऑक्टोबरला तो खुला होतो. त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात. तुम्ही, यजमान आणि मुलगी, ज्यांची ज्यांची माहिती लागेल त्या प्रत्येकाचं खातं वेगळं काढावं लागतं. ही खाती आधी उघडून ठेवा. अडतं ते इथेच, फॉर्ममध्ये नाही.

आता पुण्याच्या फ्लॅटबद्दल. आपण राहतो ते घर आणि रिटायरमेंटची खाती फॅफ्सा मोजत नाही. दुसरं घर मोजतो, मग ते पुण्यात असो की पेनसिल्व्हेनियात. तेव्हा विचारलं तर खरं लिहायचं, कर्ज वजा जाता आजची किंमत. पण त्याने सगळं हातचं जातं हे साफ चूक आहे. आईवडिलांच्या मालमत्तेचा फार तर साडेपाच-पावणेसहा टक्के भाग हिशेबात येतो. म्हणजे लाख डॉलरच्या फ्लॅटमागे जास्तीत जास्त ५,६४० डॉलर. आणि राज्याची मदत, टॅप आणि एक्सेल्सियर, मालमत्ता बघतच नाही, फक्त उत्पन्न बघते. हे गणपतीतल्या त्या गृहस्थांनाही कळवा, त्यांच्या घरी मुलं असतील.

क्यूनीच्या चार वर्षांच्या कॉलेजांची फी राज्यातल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला वर्षाला ६,९३० डॉलर आहे, वर किरकोळ शुल्कं. पेल ग्रँट केंद्र सरकारची, कमाल ७,३९५. टॅप राज्याची, कमाल ५,६६५. टॅपची उत्पन्नमर्यादा पूर्वी ८०,००० होती, २०२४-२५ पासून ती १,२५,००० केली आणि कमीत कमी रक्कम ५०० वरून १,००० वर नेली. तुमच्या उत्पन्नावर दोन्ही पूर्ण मिळणार नाहीत, पण दोन्हींचा काही भाग मिळावा. त्यातून फीचं जे उरेल तिथे एक्सेल्सियर लागू होते. तिचीही मर्यादा १,२५,०००, पण अटी कडक आहेत. वर्षाला ३० क्रेडिट पूर्ण करायची, आणि जितकी वर्षं ती घेतली तितकी वर्षं पुढे न्यूयॉर्क राज्यातच राहायचं. आधी राज्य सोडलं तर तिचं कर्ज होतं. मुलीला हे आत्ताच सांगा, चार वर्षांनी नको.

फॅफ्सा पाठवून झाला की शेवटच्या पानावर टॅपच्या अर्जाचा दुवा येतो. तिथे खिडकी बंद करू नका. फॅफ्सा झाला म्हणजे सगळं झालं असं समजून कितीतरी घरं टॅप विसरतात.

लिस्टवरच्या इतरांसाठी एक गोष्ट. सीक (क्यूनीची चार वर्षांची कॉलेजं), कॉलेज डिस्कव्हरी (क्यूनीची दोन वर्षांची), ईओपी (सनी, म्हणजे राज्याची सरकारी कॉलेजं) आणि एचईओपी (राज्यातली खाजगी कॉलेजं) या योजना कमी उत्पन्नाच्या आणि अभ्यासात थोडं मागे पडलेल्या मुलांसाठी आहेत. पैसे, शिकवणी, उन्हाळी वर्ग, स्वतंत्र सल्लागार, सगळं मिळतं. पण पहिल्या प्रवेश-अर्जातच त्याची खूण करावी लागते. एकदा नेहमीच्या मार्गाने आत गेलं की तो दरवाजा बंद.

आता नणंदेच्या मुलीचं अवॉर्ड, म्हणजे कॉलेजने देऊ केलेल्या मदतीचं पत्र. ते मागून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. ‘ग्रँट’ किंवा ‘स्कॉलरशिप’ लिहिलेल्या ओळींखाली रेघ मारा, तेवढेच फुकटचे पैसे. ‘डायरेक्ट सबसिडाइज्ड ३,५००’ आणि ‘अनसबसिडाइज्ड २,०००’ अशा ओळी असतील. कधीकधी पुढे लोन हा शब्दही नसतो, पण ते मुलीच्या नावावरचं कर्ज. ‘पॅरेंट प्लस’ असेल तर ते आईवडिलांच्या नावावरचं. ‘वर्क स्टडी’ म्हणजे काम केल्यावर मिळणारा पगार, फी भरायच्या दिवशी तो हातात नसतो. मग खर्चाच्या एकूण आकड्यातून फक्त रेघ मारलेल्या रकमा वजा करा. उरेल ती त्या कॉलेजची तुमच्यासाठी खरी किंमत. क्यूनीचं उत्तर आलं की त्याचंही असंच करा आणि दोन्ही आकडे मुलीसमोर ठेवा. ती बारावीची आहे, तिला कळतं.

आणि तोंड उतरायचं काही कारण नाही हो. हार्लेममधलं सिटी कॉलेज १८४७ साली शहरातल्या सामान्य घरांतल्या मुलांना फुकट शिकता यावं म्हणून सुरू झालं. १९७६ पर्यंत क्यूनीत शहरातल्या मुलांना फी नव्हती. शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं तेव्हा ती बसली. पोलिओची लस काढणारे जोनास साल्क तिथलेच. हंगेरीतून निर्वासित म्हणून आलेले, पुढे इंटेल चालवणारे अँडी ग्रोव्ह तिथूनच १९६० साली केमिकल इंजिनियर झाले. तुमच्या मुलीने मॅकॉले ऑनर्स कॉलेजचा अर्ज जरूर भरावा. तेही क्यूनीच. राज्यातल्या मुलांना तिथे शिकवणी-फी पडत नाही. निबंध लिहावे लागतात आणि मुदत लवकर संपते, तेव्हा दिवाळीच्या आधी बसवा तिला.

प्रेषक: अ. के., फॉरेस्ट हिल्स

ताई, पत्र छापून फ्रिजवर लावलंय. आमची अडचण वेगळी आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, मुलगी एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळतो त्या व्हिसावर. सहावीपासून इथल्या पब्लिक स्कूलमध्ये आहे, सगळ्या मैत्रिणी फॅफ्साबद्दल बोलतात आणि ती गप्प बसते. तिच्यासाठी काहीच नाही का?

प्रेषक: वि. गो., फ्लशिंग

केंद्र सरकारचे पैसे, म्हणजे पेल आणि सरकारी कर्ज, एच-फोरला मिळत नाहीत. यात पळवाट नाही, शोधण्यात वेळ घालवू नका.

पण फीचा दर वेगळी गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या हायस्कूलमध्ये किमान दोन वर्षं शिकून डिप्लोमा घेतला आणि पाच वर्षांच्या आत अर्ज केला, तर क्यूनीत राज्यातल्या विद्यार्थ्यांचा दर मागता येतो. कॉलेजच्या रेसिडेन्सी कचेरीत शाळेचे कागद घेऊन जा आणि निर्णय लेखी मागा. एरवी बाहेरच्यांचा दर लागतो, आणि तो कितीतरी जास्त आहे.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःच्या तिजोरीतून देणारी खाजगी कॉलेजं. प्रिन्स्टन, येल, एमआयटी यांसारखी थोडी विद्यापीठं नागरिकत्व न बघता गरजेनुसार मदत करतात. प्रवेश अवघड आहे, पण मुलगी तयारीची असेल तर पैशांच्या धास्तीने अर्जच न करणं बरोबर नाही. त्यांना बहुतेकदा सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म लागतो. तो फॅफ्सापेक्षा खोलात शिरतो, राहतं घरही विचारतो.

आणि भाऊ, २१ व्या वर्षी एच-फोर संपतो हे ध्यानात ठेवा. चार वर्षांची पदवी त्याच्या पलीकडे जाते. व्हिसा बदलण्याचं वकिलाशी आत्ताच बोलून ठेवा. मुलीला म्हणावं, गप्प बसू नकोस, हे तुझ्या हुशारीवर ठरलेलं नाही.

प्रेषक: रो. पा., वुडसाइड

काकू, मी लिस्टवर कधी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

बारावीला माझे मार्क ऐंशीच्या खाली होते आणि बाबांचं काम गेलं होतं. मी क्वीन्सबरो कम्युनिटी कॉलेजमध्ये गेलो आणि तिथे असॅपमध्ये नाव घातलं. क्यूनीने ही योजना २००७ मध्ये सुरू केली. ग्रँट वजा जाऊन फीचं जे उरतं ते माफ, पुस्तकांना मदत, मेट्रोचं भाडं. पण मला तारलं ते सल्लागाराने. नेमाने भेटायलाच लागायचं. दुसऱ्या सत्रात गणित सोडून द्यायला निघालो होतो. सरांनी समोर बसवून शिकवणी वर्गात नाव घालायला लावलं आणि पुढच्या आठवड्यात गेलो की नाही ते विचारलंसुद्धा. चिठ्ठी टाकून दोन गट पाडून असॅपची पाहणी झाली होती. तीन वर्षांत असॅपमधली ४० टक्के मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, बाकीच्यांतली २२ टक्के. मी त्या चाळीसांतल्या मुलांसारखाच. नंतर बरूकला, क्यूनीच्याच चार वर्षांच्या कॉलेजात, बदली घेतली, आता अकाउंटिंगमध्ये आहे. कर्ज शून्य.

धाकटीला माझ्याशी बोलायचं असेल तर सांगा. मी तिला क्यूनीच घे असं सांगणार नाही, माझा अनुभव सांगेन.

प्रेषक: मा. स., बेसाइड

मंडळी, एक्सेल्सियरची ‘राज्यातच राहायचं’ ही अट वाचून बाबासाहेब आठवले. १९१३ साली सयाजीरावांनी त्यांना कोलंबियात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. त्यासाठी परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी करायचा करार त्यांनी लिहून दिला होता. कोलंबिया आणि सिटी कॉलेज एकमेकांपासून फार लांब नाहीत. याच शहरात एका शिष्यवृत्तीने काय घडलं ते आपण जाणतो. म्हणून कार्यकारिणीपुढे मी ठेवणार आहे की मंडळाने यंदापासून पब्लिक स्कूलमधून पास होणाऱ्या दोन मुलांना हजार-हजार डॉलर द्यावेत. दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार करू.

प्रेषक: वि. गो., फ्लशिंग

काका, कल्पना मनापासून आवडली. फक्त पैसे कसे द्यायचे ते आधी ठरवू या.

बाहेरून मिळालेली शिष्यवृत्ती कॉलेजला कळवावी लागते. काही कॉलेजं मग आपल्याच ग्रँटमधून तेवढी रक्कम कापतात. म्हणजे सत्कार मुलाचा आणि हजार डॉलर वाचले कॉलेजचे. त्यापेक्षा जिथे कुणाची ग्रँट पोचत नाही तिथे मंडळाने उभं राहावं. सीएसएस प्रोफाइलला पहिल्या कॉलेजचे २५ आणि पुढच्या प्रत्येकाचे १६ डॉलर पडतात. एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना माफी आहे, पण त्याच्या जरा वर असलेल्यांचं काय? शिवाय अर्जांच्या फिया आणि प्रवेश पक्का करायचं डिपॉझिट. हा खर्च आईवडील कुणाला बोलून दाखवत नाहीत. रक्कम द्यायचीच असेल तर मुलाने आधी कॉलेजला विचारावं की कापणार का, आणि कापणार असतील तर ग्रँटऐवजी कर्जाचा भाग कमी करा अशी विनंती करावी. पुष्कळ ठिकाणी ऐकतात.

आणि बालवाडीतल्या मुलांच्या आयांनाही सामावून घ्या. सिटीच्या पब्लिक किंडरगार्टनमध्ये नाव घातलं की ‘एनवायसी किड्स राइज’कडून मुलाच्या नावाने १०० डॉलरचं कॉलेज-खातं उघडतं. २०१७ मध्ये जॅक्सन हाइट्स, ॲस्टोरियाकडच्या शाळांपासून सुरुवात झाली, आता सगळ्या शहरात आहे. ते खातं सुरू करून घ्यावं लागतं, तेवढंही कुणी केलेलं नसतं.

प्रेषक: मा. स., बेसाइड

पटलं. प्रस्ताव बदलून लिहितो: अर्जांच्या खर्चासाठी निधी, आणि एक रविवार फक्त फॉर्म भरायला. सत्कार नंतर, प्रवेश झाल्यावर. जागा लायब्ररीत मिळते का ते मी बघतो. वुडसाइडच्या मुलाने यावं ही विनंती.

प्रेषक: स. दे., एल्महर्स्ट

ताई, तिघांची खाती उघडली. ह्यांच्या नावाचं स्पेलिंग सोशल सिक्युरिटी कार्डावर वेगळं निघालं, म्हणून दोनदा अडकलं, मग कार्डावर आहे तसंच टाकलं. शाळेचा कागद कोरा परत पाठवला. मॅकॉलेच्या पहिल्या निबंधाचा कच्चा मसुदा धाकटीने लिहिलाय, तुम्हाला दाखवायला ती लाजते आहे, पण मी पाठवते. नणंदेने पत्र दिलं. रेघा मारून झाल्या, आणि त्या दोन ‘डायरेक्ट’च्या ओळी अगदी तुम्ही सांगितल्या तशाच आहेत. खाली पॅरेंट प्लसही आहे. नणंदेला ते कर्ज आहे हे माहीत नव्हतं. तिने तिथे आधीच सही केलेली असेल तर पुढच्या वर्षासाठी काही करता येतं का? ती रविवारी माझ्याबरोबर येईल.

प्रेषक: वि. गो., फ्लशिंग

जरूर आणा. पॅरेंट प्लस दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं, त्यामुळे पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही हे तिच्याच हातात आहे. तिने येताना चालू वर्षाचं पत्र, कर्जाचे कागद आणि मुलीचं कॉलेजचं लॉगिन आणावं. घरचं उत्पन्न कमी झालं असेल तर कॉलेजला फेरविचाराचं पत्र लिहिता येतं, ते तिथेच बसून लिहू.