हॉस्टेलची बॅग भरायची कोणी?

रिकामी खुंटी

घरात आठवडाभर यावरून धुसफूस चालू आहे, म्हणून इथे मांडतो. भाची पुढच्या सोमवारी हॉस्टेलला चालली आहे. पहिल्यांदाच घराबाहेर. बाहेरच्या खोलीत सामानाचा ढीग रोज वीतभर वाढतोय आणि तो रचतेय माझी बहीण. भाची पलंगावर आडवी पडून मोबाइल बघतेय. मी एवढंच म्हटलं, की ज्याची बॅग त्याने भरावी. त्यावर बहीण म्हणाली, "तिच्यावर सोडलं तर चार्जर आणि आरसा घेऊन निघेल."

निघू दे की!

माझी बॅग आईने भरली होती. इतकी नेटकी, की उघडायला जीव होईना. रात्री नऊला खोलीत पोचलो, दिवा मिणमिणता, आणि चादर सापडेना. तिन्ही बॅगा उपसल्या. समोरच्या पलंगावरून रूममेट हे सगळं शांतपणे बघत होता. शेवटी जिन्यात जाऊन, आवाज खाली ठेवून घरी फोन लावला. "निळ्या बॅगेत, स्वेटरच्या खाली, डाव्या कडेला." चादर तिथेच होती. दुसऱ्या दिवशी नेलकटरसाठी फोन, तिसऱ्या दिवशी सुईदोऱ्यासाठी. सामान माझ्याकडे होतं, पण त्याचा नकाशा शंभर कोसांवर आईच्या डोक्यात होता.

म्हणून भाचीला मी एक काम सांगितलंय. दोन दिवस, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत ज्या ज्या वस्तूला हात लागेल ती लिहून काढ. टूथब्रश, कंगवा, पाण्याची बाटली, चष्म्याची डबी, सगळं. मग महिन्यातून एकदाच लागणाऱ्या वस्तूंची वेगळी यादी: नखं वाढली, बटण तुटलं, पाळी आली, ताप आला. या दोन याद्यांत जे नाही ते घरीच राहू दे. "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून घेतलेल्या वस्तूला कधीच हात लागत नाही, आणि पलंगाखालची जागा मात्र ती वर्षभर अडवून बसते.

बहिणीने फक्त प्रश्न विचारावेत, हात लावू नये. माझं काही चुकतंय का?

दोन वेण्या

चुकतंय. तुम्हाला चादर सापडत नव्हती, पण चादर होती ना? ती कोणामुळे होती?

माझ्या थोरल्याने अशीच हट्टाने स्वतःची बॅग भरली. आम्हीही कौतुकाने बघत बसलो. तिथे गेल्यावर निघालं काय, तर तीन हेडफोन आणि टॉवेल एकही नाही. चार दिवस पठ्ठ्या टी-शर्टने अंग पुसत होता आणि आम्हाला सांगत होता, सगळं मस्त चाललंय. त्याचं मी हसण्यावारी नेलं. पण त्याला दम्याचा त्रास आहे, आणि इनहेलर त्याने मोठ्या बॅगेच्या तळाशी टाकला होता. ती बॅग मागाहून येणाऱ्या गाडीत. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. रोजचं औषध, इनहेलर, चष्मा हे अंगाबरोबरच्या पिशवीत ठेवायचं असतं, हे अठरा वर्षांच्या मुलाला कोणी सांगायचं? आणि औषधाच्या गोळ्या नुसत्या नेऊन भागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर औषधातल्या घटकाचं नाव हवं. दुसऱ्या गावात तोच ब्रँड मिळेलच असं नाही.

धनुर्वाताचा बूस्टर दहा वर्षांनी घ्यायचा असतो. तुमच्या भाचीने शेवटचा कधी घेतला, तिला विचारून बघा. तिला माहीत नसणार. तुमच्या बहिणीला नक्की माहीत असेल, फाईलसकट. दोन दिवस हात कुठे लागतो ते लिहून या गोष्टी यादीत येत नाहीत.

वरचा बंक

मी दुसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा ताजा माल. मामांशी सहमत, पण बॅग भरण्याआधी रूममेटशी बोलायचं, हे दोघांनीही लिहिलं नाही.

आमच्या खोलीत तीन जण. पहिल्या दिवशी मांडामांड झाली तेव्हा तीन आरसे, तीन इस्त्र्या, दोन किटल्या, आणि बादली शून्य. कारण तिघांच्याही घरच्यांनी आपापलं "परिपूर्ण" सामान दिलेलं. नंबर मिळाला असेल तर आधी मेसेज टाका. तू काय आणतोस हे विचाराच, पण तू झोपतोस कधी हे त्याहून आधी विचारा. माझा रूममेट दोनला झोपतो, मी साडेदहाला. डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे या माझ्या सगळ्यात उपयोगी वस्तू आहेत आणि त्या कोणाच्याही आईच्या यादीत नसतात.

अजून एक. कपडे किती न्यायचे हा हिशेब लोक जीन्स आणि शर्ट मोजून करतात. चूक. धुण्याचा वार आतल्या कपड्यांवर ठरतो. पाच जोड नेले तर पाचव्या दिवशी धुवायलाच लागणार, मग शर्ट पंचवीस असोत. दहा जोड न्या आणि शर्ट निम्मे करा. नवा गडद रंगाचा कपडा घरीच एकदा वेगळा धुऊन न्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी बनियनं गुलाबी. (माझी आहेत. कोणी विचारू नका.)

निवृत्त रेक्टर

अकरा वर्षं हॉस्टेल सांभाळलं आहे. माझं मत तुमच्या दोघांपेक्षा वेगळं आहे: बॅग कोणीही भरा, पण खोली बघण्याआधी पूर्ण भरू नका. पहिल्या सुट्टीत मुलं घरी जातात तेव्हा बरंचसं सामान परत जाताना मी दरवर्षी पाहिलं आहे. पलंगाची लांबी माहीत नाही आणि गादी आणलेली. कपाटाची रुंदी माहीत नाही आणि त्यात बसवायचे खोके आणलेले. पहिल्या तीन दिवसांचं सामान न्यावं, बाकीचं माप घेऊन नंतर. पहिल्या रात्रीसाठी एक छोटी पिशवी वेगळी: चादर, अभ्रा, टॉवेल, साबण, चार्जर, कुलूप, औषध, एक जोडी कपडे, बाथरूमच्या रबरी चपला. चपला विसरू नका. सामाईक बाथरूममध्ये अनवाणी फिरून पायाला बुरशी लागलेली मुलं दर पावसाळ्यात यायची.

नियमावली आधी वाचा, ही हात जोडून विनंती. दरवर्षी माझ्या टेबलाखाली जप्त किटल्यांची रांग लागायची आणि पालक भांडायला यायचे, की पाणी गरम करण्यात गुन्हा काय? गुन्हा नाही, गणित आहे. किटली साधारण १५०० वॉटची. २३० व्होल्टवर ती साडेसहा अँपिअर ओढते. आमच्या खोल्यांतली छोटी सॉकेटं ६ अँपिअरची. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉट, फोनचा २०, त्यांचं काही नाही. पण किटली आणि केसांचा ड्रायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावला की वायर तापते. एका मुलीचा बोर्ड मी हातात घेतला तेव्हा प्लास्टिक मऊ होऊन पिनांभोवती चिकटलेलं होतं आणि वर उशीचा कोपरा आलेला. एका बोर्डात दुसरा बोर्ड कधीही लावू नये. आणि "सर्ज प्रोटेक्टर आहे, काही होत नाही" हे तर अजिबात ऐकू नये. तो व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवतो. जास्त भार घातला तर त्याचीही वायर तापणारच.

सेकंडहँड गादी किंवा उशी घेऊ नका. ढेकूण खाण्याविना काही महिने तग धरतात. कापड ६० अंशाच्या पाण्यात धुता येतं, गादी धुता येत नाही.

कुलपाबद्दलही सांगते. तीन आकड्यांच्या कुलपाचे १००० पर्याय. दोन सेकंदांना एक धरला तरी अर्ध्या तासात उघडतं. चार आकड्यांचे १०,०००, म्हणजे साडेपाच तास. चारच घ्या. त्याची कडी कपाटाच्या कोयंड्यात जाते का ते मात्र तिथे बघूनच कळेल, म्हणून कुलूप तिथे घेतलं तरी चालेल.

हातगाडी

बॅग कोणीही भरा हो. तिसऱ्या मजल्यावर नेणार कोण? लिफ्ट त्या दिवशी हमखास बंद असते.

एकटीच आले

सगळं वाचलं. थोडं टोचलं, म्हणून लिहिते.

माझी बॅग कोणीच भरली नाही. घरात कोणी कॉलेजला गेलेलं नव्हतं, हॉस्टेल तर दूरच. काय लागतं हे आईला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ती दाराशी उभी राहून बघत होती आणि मधेच म्हणाली, "मी काय देऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एक सॅक आणि एक पिशवी घेऊन गेले.

आणि खरं सांगते, वस्तूंवाचून माझं काही अडलं नाही. अडलं कागदांवरून. एका दाखल्याची मूळ प्रत लागेल हे कोणी सांगितलं नव्हतं, माझ्याकडे फक्त झेरॉक्स. खिडकीवरून परत पाठवलं. परत घरी, परत प्रवास, दोन दिवस गेले आणि खोलीवाटपात माझं नाव सगळ्यात शेवटी गेलं. तेव्हा बॅगेच्या गप्पा मारण्याआधी एक फोल्डर करा. मूळ कागद, प्रत्येकाच्या तीन प्रती, फोटो, फीची पावती, आणि सगळ्याचे स्कॅन फोनमध्ये आणि मेलवरही, कारण फोन हरवू शकतो. ते फोल्डर मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, हातात धरायचं.

रिकामी खुंटी, तुमचा मुद्दा कळतो. पण मुलीला स्वावलंबी करायचं म्हणून आईने हातच लावू नये, हे मला पटत नाही. ज्यांच्या घडी घालायला कोणी बसलेलं असतं त्यांनाच "माझं मी करेन" म्हणायची ऐट परवडते. माझ्यासाठी कोणी एक चादर जरी घडी घालून दिली असती ना, तर ती कुठल्या बॅगेत आहे हे विचारायला मी आनंदाने दहा फोन केले असते.

रिकामी खुंटी

@एकटीच आले, यावर काय बोलू? माझ्या त्या फोनकडे मी इतकी वर्षं फजिती म्हणूनच बघत आलोय. तो फोन कोणाला हवासा वाटू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

@दोन वेण्या, बूस्टरचं विचारलं. भाचीला माहीत नव्हतं. बहिणीने तारीख सांगितली, फाईल न उघडता. हरलो.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. रेक्टरबाई, तीन दिवसांचं सामान नेऊन बाकीचं नंतर, हे शहरातल्या हॉस्टेलला ठीक. जिथे बाजार दूर आणि पहिल्याच दिवसापासून तास सुरू, तिथे मूल खरेदीला जाणार कधी? आणि मापं तर आधीही मागवता येतात. हॉस्टेलला फोन करून पलंगाची लांबी, कपाटाची खोली आणि सॉकेट किती, हे विचारलं तर कोणी खात नाही.

निवृत्त रेक्टर

खात नाही, पण उचलतही नाही. प्रवेशाच्या आठवड्यात ऑफिसातला फोन मी स्वतः उचलून बाजूला ठेवलेला आहे. त्याच खोलीत गेल्या वर्षी राहिलेल्या मुलीला गाठा, ती फोटो काढून पाठवेल. आणि खोली ताब्यात घेतल्यावर सामान लावण्याआधी तुमच्या भाचीलाही फोटो काढायला सांगा: फुटलेली काच, न सरकणारा ड्रॉवर, भिंतीतली भोकं. वर्षाच्या शेवटी अनामत रकमेतून कापाकापी होते तेव्हा "हे आधीपासूनच होतं" असं तोंडी सांगून काही उपयोग नसतो.

दोन वेण्या

धाकटीच्या वेळी मी काय केलं ते सांगते. तिने भरली, मी पलंगावर बसून राहिले. हाताची घडी घालून. दीड तास. बाळंतपणाच्या कळा बऱ्या. ती हिवाळ्याचे कपडे काढून ठेवत होती आणि मी बोलले नाही. नोव्हेंबरात फोन आला, "आई, स्वेटर पाठव ना." पाठवला. त्यात मी हळूच दोन टॉवेल घातले, हे तिला अजून कळलेलं नाही.

तरी मी तुमच्या बाजूची नाही, हं. दीड तास गप्प बसणं म्हणजे हात न लावणं नव्हे.

वरचा बंक

काकू, तिला कळलंय. आम्हाला सगळ्यांना कळतं. आम्ही बोलत नाही.

रिकामी खुंटी

ताजी बातमी. आज सकाळी भाचीने अख्खा ढीग जमिनीवर ओतला आणि स्वतः पुन्हा भरायला बसली. बहीण शेजारी. एक एक वस्तू उचलून विचारते, "ही?" भाची हो किंवा नाही म्हणते. चार बॅगांच्या दोन झाल्या. कुठली वस्तू कुठे, ते भाची फोनमध्ये लिहितेय, आणि तीच यादी आईलाही पाठवतेय. का, ते मी विचारलं नाही.

इस्त्रीवर मात्र अजून तोडगा निघालेला नाही. १००० वॉटची आहे. नियमावलीत चालते, पण फक्त खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीच्या खोलीत. भाची म्हणते नको, बहीण म्हणते दुसऱ्यांच्या इस्त्रीला काय काय चिकटलेलं असतं तुला माहीत नाही. दोघी आता माझ्याकडे बघतायत.

हातगाडी

मामा, वजन किती आहे इस्त्रीचं?