एकच फोन, तोही बाबांचा: पोरांचा गेम बंद करायचा की मोजून द्यायचा?

दर्यापूरकर: मे महिन्यात वऱ्हाडात पारा 45 गाठतो. दुपारी दीड वाजता विटीदांडूचा उपदेश करून उपयोग नाही, पोट्टे मोबाईल घेणारच. माझं म्हणणं, मिनिटं मोजू नका, डाव मोजा. फ्री फायर मॅक्सचा डाव दहा-पंधरा मिनिटांचा, मधे थांबवता येत नाही. अर्ध्यात फोन ओढला की पोरगं चौघांच्या स्क्वाडला सोडून पळालेलं ठरतं. आदळआपट तिथून सुरू होते. आधीच ठरवा: दोन डाव, मग फोन परत.

सेविकाताई: भाऊ, दोन डावांवर थांबू नये अशीच त्याची बांधणी आहे. रोज उघडलं की बक्षीस, नशिबाच्या पेटीतून स्किन, म्हणजे खेळाडूचा नवा पोशाख, निघेल का याची हुरहूर. मोठ्यांना आवरत नाही, दहा वर्षांच्या लेकराला कसं आवरेल? आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. बारा वर्षांच्या आत पूर्ण बंद. आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंगचा विकार उगाच नाही घातला.

मास्तर_यवतमाळ: ताई, त्यातल्या अटीही सांगा. आवर सुटणं, गेम सगळ्याच्या आधी, नुकसान दिसूनही चालूच, आणि हे सहसा 12 महिने. सुट्टीतले दोन डाव त्यात बसत नाहीत. उलट 2003 मध्ये ग्रीन आणि बाव्हेलिए या संशोधकांच्या प्रयोगात मारधाडीच्या गेमने नजरेचं अवधान सुधारलं.

सेविकाताई: ते अठरा वर्षांपुढचे होते, सर. आणि नजर तेज झाली म्हणून पाढे येत नाहीत.

कपाशीवाला: दुपारचा हिशोबच चुकतो आहे. फोन दिवसभर बाबांसोबत वावरात. तो पोराच्या हाती येतो रात्री नऊला, आणि बारापर्यंत सुटत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. मार्च-एप्रिलात शाळा सकाळची. दिवसाची चिडचिड, विसरभोळेपणा बऱ्याचदा या जागरणाचा असतो. फोन बाबांचा म्हणजे खातंही बाबांचंच, तिथे फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या खात्यावर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप, कामाचं नाही. सेटिंगमधला ॲप टायमर पोरगं स्वतःच काढतं. त्यापेक्षा गेमच्या नोटिफिकेशन बंद करा, प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावा, यूपीआयचा पिन पोरासमोर टाकू नका. फोन रात्री मोठ्यांच्या उशाशी चार्जिंगला.

दर्यापूरकर: रात्रीचं मान्य. मग जेवणाआधी, सात ते आठमध्ये दोन डाव.

सेविकाताई: आठला फोन मागितल्यावर रोज जेवण टाकत असेल, मारायला उठत असेल, तर? तेव्हा डाव मोजत बसू नका, 14416 लावा. टेली-मानस, मनाच्या तक्रारींसाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. बारा वर्षांच्या आत बंद, हे माझं कायम.