पावसाळ्यात गेलेली पुळण बंधाऱ्यापुढेच परत का येत नाही?

कर्लीकाठ:
मामाचं घर मालवणजवळ देवबागला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. जून-जुलैत पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, खरवडून जाते आणि दिवाळीपर्यंत बरीचशी भरते, हे लहानपणापासून बघतोय. पण लाटा अडवायला दगडी बंधारा घातलाय तिथे नोव्हेंबरातही लाटा थेट दगडांवर. मामा म्हणतो, लाटाच मोठ्या झाल्यात. मग थोडं पुढे, उघड्या किनाऱ्यावर वाळू परत कशी आली?

रापणकर_तात्या:
रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, लावणारा माणूस लाटेपेक्षा तिच्या परतीकडे जास्त बघतो. चढताना लाट वाळू आणते, उतरताना नेते. ऑक्टोबरनंतर लाटा बुटक्या, लांब अंतराच्या. वर आलेलं पाणी पुळणीत जिरतं, परतीला जोर उरत नाही, वाळू वरच राहते. जुलैत एकीवर एक आदळतात. पुळण भिजून चिंब, जिरायला जागा नाही. सगळं पाणी वाळू ओढत खाली धावतं. ती वाळू थोडी आत, लाटा फुटतात तिथे, पाण्याखाली उंचवट्यासारखा दांडा होऊन पडते आणि पुढे सावकाश परत येते.

बंधाऱ्यापाशी हे बिघडतं. दगडावर आपटलेली लाट उलटी फिरते, येणारीला भिडते, पायथ्याशी पाणी घुसळत राहतं. वाळू बसणार कुठे? पायथा खणला जातो, पाणी खोल होतं. दोन मीटरची लाट साधारण अडीच मीटर पाण्यात फुटते. आधी ती लांब फुटून दमून यायची, आता तेवढं पाणी दगडाशीच मिळतं, म्हणून तिथेच फुटते. मामांना लाट मोठी वाटते ती यामुळे. त्यांच्या दारातली लाट खरंच मोठी झालीय, समुद्र तोच आहे.

भूगोलवाली:
बंधारा संपतो ती कडाही बघा. लाटा तिरक्या चढतात आणि उतारावरून जवळजवळ सरळ उतरतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याने नागमोडी सरकत जाते. बंधाऱ्यामागे कोंडलेली वाळू या प्रवासातून बाद, म्हणून शेजारची वाडी जास्त कापली जाते. नदीतून येणारी वाळू उपशात गेली तर तोटा आणखी वाढतो.

कर्लीकाठ:
मग बंधारा काढायचा का तात्या?

रापणकर_तात्या:
काढलास तर पहिल्या उधाणाला मामांचं अंगण जाईल. दगड घराखालची जमीन राखतो, पुळण राखत नाही. हे घालणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं, पण उद्घाटनात कोण सांगतो. मोकळ्या भागात मर्यादवेल असेल तर ती कुणाला उपटू देऊ नकोस, वाऱ्याची वाळू तीच धरते. आणि नोव्हेंबरात अमावास्येच्या ओहोटीला बंधाऱ्याच्या पायथ्याशी काठी धरून पाणी मोज. दरवर्षी त्याच दगडापाशी. आकडा इथे टाक.