छोट्या टीमसाठी फुकटातलं चॅट ॲप कुठलं घ्यावं? ११ ग्रुप झालेत, वाचवा

सातवा_गडी

नमस्कार मंडळी. आम्ही ७ जण, सगळे आपापल्या घरून काम करतो, डिझाइन आणि थोडंफार वेबसाइटचं. आत्तापर्यंत सगळं फोनवरच्या नेहमीच्या मेसेजिंग ॲपवर चाललंय. सुरुवातीला एकच ग्रुप होता, मग प्रत्येक क्लायंटचा वेगळा काढला, असं करत करत आता ११ झालेत आणि त्यातल्या तिघांची नावं "फायनल", "फायनल नवीन" आणि "फायनल हाच" अशी आहेत. हसू नका.

परवा एका क्लायंटने विचारलं की लोगोखालची ओळ काढायचं नक्की कधी ठरलं होतं आणि कोणी सांगितलं होतं. बसलो शोधत. "ओळ" टाकून शोधलं तर ओळख, ओळखपत्र, सगळं आलं, हवं ते नाही. पाऊण तासाने सापडलं एका व्हॉइस नोटमध्ये, ४ मिनिटं १० सेकंदांची, त्यातली पहिली दोन मिनिटं मागे मिक्सर चालू.

तर आता काहीतरी नीट हवंय. पैसे भरायची ऐपत अजून नाही, फुकटच पाहिजे. फोन आणि लॅपटॉप दोन्हीवर चालावं, आठवड्यातून एक तासभर व्हिडिओ कॉल असतो, आणि आमच्यातल्या दोघांना नवीन ॲप म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. काय वापरता तुम्ही?

घाईत_आहे

स्लॅक. डोळे झाकून घ्या. प्रत्येक क्लायंटचं चॅनेल (म्हणजे आतली वेगळी चॅट-खोली) काढा, विषय संपला.

जुनी_खोड

डोळे झाकून नका घेऊ हो, उघडे ठेवून घ्या. फुकटच्या स्लॅकमध्ये मागचे ९० दिवसच दिसतात. पूर्वी १०,००० मेसेजची मर्यादा होती, सप्टेंबर २०२२ पासून ही दिवसांची आली. आणि २०२४ पासून तर वर्षाहून जुनं असेल ते पुसूनच टाकतात, म्हणजे आज ना उद्या पैसे भरू आणि जुनं उघडू असा विचार असेल तर तो वर्षभराच्या आतच करायचा. शिवाय त्यातला कॉल फुकटात दोघांमध्येच होतो, ७ जणांचा नाही.

माझं म्हणणं एवढंच की ही फुकट ॲपं बोलायला कधीच अडवत नाहीत, हवं तेवढं बोला, अडवतात ते आठवायला. आमच्याकडे (ॲपचं नाव घेत नाही, हे नव्हे, दुसरं होतं) एका जुन्या कामाच्या सर्व्हरची सगळी माहिती चॅटमध्येच होती, कुठे वेगळी लिहिलीच नव्हती कारण "सर्च केलं की मिळतं". आठ महिन्यांनी ते काम परत आलं, सर्च केलं, तर वर पट्टी आली की जुने मेसेज बघायला प्लॅन घ्या. दोन दिवस गेले सगळं नव्याने शोधून काढण्यात. त्यामुळे ॲप बघताना काय काय मिळतंय ते नंतर बघा, आधी तीन महिन्यांनी हातात काय उरतंय ते बघा.

रात्रपाळी

डिस्कॉर्ड का नाही कोणी म्हणत? २०१५ मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी आलं म्हणून लोक नाक मुरडतात पण जुने मेसेज फुकटातही सगळे राहतात, ना दिवसांची मर्यादा ना आकड्याची. व्हॉइस चॅनेल ही भारी गोष्ट आहे, कॉल लावायचा वगैरे नाही, चॅनेलमध्ये जाऊन बसायचं, कोणाला काही विचारायचं असेल तर तो आत येतो, बोलतो, जातो. स्क्रीन शेअर पण होतं, आणि झूमसारखं ४० मिनिटं झाली चला उठा असं नाही.

वाईट बाजू म्हणजे फाइल १० एमबीपर्यंतच, तुम्ही डिझाइनवाले म्हणजे रोज अडणार, गूगल ड्राइव्हची लिंक टाकायची सवय लावून घ्या. आणि ॲक्टिव्हिटी स्टेटस (तुम्ही आत्ता काय चालवताय ते सगळ्यांना दाखवणारं सेटिंग) पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर ताप आलाय म्हणून सुट्टी घ्याल आणि नावाखाली तीन तासांपासून गेम चालू दिसेल. मित्राचा अनुभव. खरंच मित्राचा.

सुताची_गाठ

तुमचं खरं दुखणं ९० दिवस नाहीये, सगळी बोलणी एकात एक गुंतलीत हे आहे. झुलिप बघा. त्यात चॅनेलच्या आत प्रत्येक मेसेजला एक विषय देता येतो. म्हणजे क्लायंटचं चॅनेल, आत "लोगोखालची ओळ" हा विषय, आत त्याबद्दलचे चौदा मेसेज आणि बाकी काही नाही. तुम्ही दोन दिवस नव्हतात तर आल्यावर विषयांची नावं बघायची, आपल्या कामाचे तेवढे उघडायचे. चुकीच्या विषयात कोणी काही टाकलं तर मेसेज उचलून दुसऱ्या विषयात हलवता पण येतो. २०१५ पासून ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, स्वतःच्या सर्व्हरवर टाकलंत तर जुन्या मेसेजना काही मर्यादा नाही.

जुनी_खोड

@सुताची_गाठ, विषयांचं पटलं. पण स्वतःचा सर्व्हर म्हणजे अपडेट कोण करणार, बॅकअप कोण घेणार, रविवारी रात्री बंद पडलं तर कोणाला उठवणार? सात जणांसाठी पांढरा हत्ती पोसणं आहे हे. आणि त्यांच्या क्लाउडवर, म्हणजे झुलिपवाल्यांच्याच सर्व्हरवर, फुकटात राहिलं तर १०,००० मेसेजपर्यंतच मागचं दिसतं. हिशोब करा, माणशी दिवसाला ४० मेसेज धरले तर ७ जणांचे २८०, म्हणजे ३६ दिवसांत कोटा संपला. स्लॅकचे ९० दिवस बरे की मग.

सुताची_गाठ

४० कोण करतं राव? विषय नीट असले की मेसेज कमीच होतात. माणशी १० धरा, १४० दिवसांच्या वर जातं. धागाकर्त्याने आपले मेसेज मोजावेत आधी.

दोनच_मिनिटं

व्हिडिओचं कोणी सांगितलं नाही नीट म्हणून सांगते. तीन किंवा जास्त जण असले की गूगल मीट फुकटात ६० मिनिटं, झूम ४० मिनिटं. जित्सी मीटला अशी वेळेची कटकट नाही, फक्त २०२३ पासून मीटिंग उघडणाऱ्याला गूगल, फेसबुक किंवा गिटहबने लॉगिन करावं लागतं, बाकीचे नुसत्या लिंकवरून येतात. तुमचा कॉल तासाचा म्हणताय म्हणजे सव्वा तासाचा असणार, मला माहितीये.

टेलिग्राम सुचवायला कोणीतरी येईलच. फाइल २ जीबीपर्यंत जाते आणि सेटिंग चालू ठेवलं तर नवीन माणसाला जुनं सगळं वाचता येतं, पण त्यातल्या ग्रुपना एंड-टू-एंड एनक्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच, कंपनीलाही, वाचता येऊ नये अशी सोय) नसतं. सिग्नलला असतं. क्लायंटचे पासवर्ड मात्र दोन्हीकडे टाकू नका, कुठेच टाकू नका चॅटमध्ये, त्याला बिटवॉर्डनसारखं पासवर्ड ठेवायचं वेगळं ॲप असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अकाउंट कोणाच्या मेलवरून काढताय ते बघा. आमचं सगळं एका इंटर्नने उत्साहात काढून दिलं होतं, तिच्या कॉलेजच्या मेलवरून. ती गेली, चांगली गोडीगुलाबीने गेली, पण वर्षभराने कॉलेजने मेल बंद केला आणि ॲडमिन म्हणून आत जाणारं कोणीच उरलं नाही. माणूस काढता येईना, घेता येईना. पहिल्या दिवशीच दोन जणांना ॲडमिन करा.

ॲप कुठलंही घ्या, शेजारी एक शीट ठेवा. आमच्या शीटचं नाव "ठरलं". तारीख, काय ठरलं, कोणी सांगितलं, बस तीन रकाने. व्हॉइस नोट पाठवली तर पाठवणाऱ्यानेच शीटमध्ये ओळ टाकायची, ओळ नाही तर ते ठरलेलं नाही. पहिले पंधरा दिवस सगळे शिव्या देतात.

घाईत_आहे

मग चॅट ॲप कशाला, शीटच वापरा 😄

दोनच_मिनिटं

@घाईत_आहे हसा. मागच्या महिन्यात आम्ही ॲप बदललं, जुन्यातलं काहीसुद्धा हलवायला लागलं नाही.

सातवा_गडी

सगळ्यांचे आभार. मेसेज मोजले. मागच्या आठवड्यात आम्ही सात जणांनी मिळून १,९०० मेसेज केलेत, त्यातले जवळजवळ ६०० नुसते "ओके", "हो" आणि अंगठे. या वेगाने १०,००० पाच आठवड्यांत संपतील, त्यामुळे झुलिप मनात भरलं होतं तरी सध्या नको. सर्व्हर सांभाळणारं आमच्यात कोणी नाही, डिस्कॉर्डला दोघांनी नाव ऐकूनच नाही म्हटलं.

तर स्लॅक, मी आणि अजून एक जण ॲडमिन, फाइलींची ड्राइव्हची लिंक, कॉल जित्सीवर, आणि "ठरलं" शीट. शीटची पहिली ओळ लोगोखालच्या ओळीचीच टाकली, व्हॉइस नोट परत ऐकून, मिक्सरसकट.

काल संध्याकाळी सगळ्यांना स्लॅकची लिंक पाठवली. पाच जण आले. उरलेल्या दोघांनी जुन्या ॲपवर "स्लॅक शंका" नावाचा ग्रुप काढलाय आणि सगळ्यांना त्यात घेतलंय. १२ झाले.